सतरा नंबरचा डबा

विद्यानगर, हैदराबाद
९ जून २०२५

अचूक पेलेट वर्क्स, कुकटपल्ली, यांच्या व्यवस्थापकांस,

नमस्कार लिहिते आहे तो केवळ सवयीने.

मी तारामती बोधनकर. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्तीनंतर इथेच एका बंद पडलेल्या ट्यूशन क्लासच्या हॉलमध्ये दहा मीटरची एअर रायफल रेंज चालवते. नऊ मुली, तीन रायफली आणि तुमच्या कारखान्याचे शिशाचे छर्रे, असा आमचा संसार. त्यातले छर्रे मार्चपासून आलेले नाहीत. परदेशी माल यायचा थांबला म्हणून सगळा देश तुमच्या दारात आलाय, हे मला कळतं. पण आम्ही तर पहिल्यापासून तुमच्याच दारात होतो ना?

तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, 'आपला संयम हीच आमची प्रेरणा.' फोन केला तर एकवीस मिनिटं बासरी ऐकली. शेवटी मागच्या मंगळवारी मेट्रोने स्वतः आले. तुमच्या गेटवरच्या माणसाने "मेल डालो मॅडम, अंदर नक्को" म्हणून उन्हात उभं केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका मोठ्या अकादमीच्या गाडीत तुमची खोकीच्या खोकी चढली. त्या दिवशीच ठरवलं, तुमचा उंबरठा पुन्हा चढायचा नाही.

माझ्याकडे भामा नावाची मुलगी आहे. वडील नामदेवराव युनिव्हर्सिटीच्या गेटवर वॉचमन आहेत. ऑगस्टच्या तेवीस तारखेला राज्य स्पर्धा आहे. तिथे सहाशे बारा गुण केले तर क्रीडा हॉस्टेलात जागा मिळेल, सगळा सराव तिथे होईल. नाही केले तर वडील तिला आत्याच्या साड्यांच्या दुकानात बसवणार आहेत. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. तिची रायफल जुनी आहे आणि ती तुमच्या सतरा नंबरच्या लॉटवरच सरळ जाते. दुसरे छर्रे घातले की गोळी आपल्या मनाने चालते. सतरा नंबरचे आमच्याकडे आता साठ-सत्तर उरलेत.

तुमच्या उत्तरांखाली सारंग रानडे अशी सही असते. आडनाव मराठी दिसलं म्हणून मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. पत्र आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टर केलंय, मिळालं नाही म्हणू नका.

तारामती बोधनकर


कुकटपल्ली
१४ जून २०२५

आदरणीय तारामतीबाई यांना एकनाथ भालकीकरचा नमस्कार.

पत्र मिळालं. सारंग आमच्या मालकांचा मुलगा. पोरगा गुणी आहे, पण जन्मला-वाढला इथे, मराठी बोलतो, वाचताना अडखळतो. तुमचं पत्र घेऊन तो माझ्याकडे टूलरूममध्ये आला आणि म्हणाला, "काका, ये बाई बहुत गुस्से में दिखरे. जरा पढके बोलो ना." मी मोठ्याने वाचून दाखवलं. बासरीपाशी तो हसला, उन्हापाशी खुर्ची ओढून बसला.

मग म्हणाला, नेहमीचंच उत्तर मराठीत लिहून द्या. म्हणून आधी ते लिहितो: आपला संयम हीच आमची प्रेरणा. झालं. आता खरं सांगतो.

छर्रे ज्या साच्यातून निघतात त्याला आम्ही डाय म्हणतो. गेली एकतीस वर्षं इथले डाय मी घडवतो. दोन डाय सारखे होत नाहीत. केसाच्या शंभराव्या हिश्शाचा फरक राहतोच, आणि एखाद्या नळीला नेमका तोच फरक मानवतो, जसं एखाद्याला एकाच विहिरीचं पाणी मानवतं. सतरा नंबर माझ्या हातचा. मे महिन्यात त्याला तडा गेला. तसा दुसरा आता माझ्याच्याने होणार नाही, म्हणून सतराचा माल परत निघणार नाही. हे तुम्हाला कुणीतरी मार्चमध्येच सांगायला हवं होतं, की डाय थकलाय, जपून वापरा. सांगितलं नाही, ही आमची चूक.

अकादमीच्या गाडीचंही खरं आहे. त्यावरून आमचे मालक उदयसाहेब आणि सारंग यांच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं. आता तुमच्या पत्रामुळे नियम झालाय. एका पत्त्याला महिन्याला एक डबा, ज्याची मागणी आधी त्याला आधी, आणि यादी गेटवर चिकटवलेली. तुमचा नंबर एकशे त्रेचाळीस आहे.

आपला,
एकनाथ भालकीकर


विद्यानगर
२० जून २०२५

श्री. एकनाथराव,

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माणसाने उत्तर दिलं. आभार मानते.

नियम झाला हे वाचून बरं वाटलं. एकशे त्रेचाळीस तर एकशे त्रेचाळीस. शाळेत पाण्याच्या नळावर मी हेडमास्तरीणबाईंनाही रांगेत उभं केलेलं आहे, त्यामुळे मला तक्रारीला जागा नाही. मुलींना यादीबद्दल सांगितलं तर भामा म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपला नंबर दिवाळीत." तिने हिशोब बरोबर केला होता.

एक मात्र बोलते, राग मानू नका. तुम्ही अक्षर एवढं दांडगं काढता की अर्ध्या पानात चार ओळी. मी काही बहिरी नाही. माझ्यावर ओरडल्यासारखं वाटलं.

सध्या भामाला सतराचा एकही छर्रा वापरू देत नाही. उरलेले साठ-सत्तर स्पर्धेसाठी कुलुपात ठेवलेत. पण निशाणा जुळवायला आणि साठ गोळ्या झाडायला मिळून तेवढे पुरत नाहीत, आणि ज्यांची सवयच सुटलीय अशा छर्‍यांनी स्पर्धा कशी खेळायची? दुसर्‍या लॉटवर तिचे सहाशे सहा, सहाशे सात होतात. पोरगी तक्रार करत नाही, त्यानेच मला जास्त त्रास होतो.

तारामती बोधनकर


कुकटपल्ली
३ जुलै २०२५

आदरणीय तारामतीबाई,

सोबत सतरा नंबरचे तीन सीलबंद डबे पाठवतो आहे. भामाला द्या. कुठून आले ते विचारू नका.

अक्षराचं म्हणाल तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लहान काढलं तर माझं मलाच दिसत नाही. म्हणून लेथवरून उठवून मला टूलरूममध्येच पत्रांच्या टेबलावर बसवलंय. ओरडलो नव्हतो.

आपला,
एकनाथ


विद्यानगर
८ जुलै २०२५

श्री. एकनाथराव,

डोळ्यांचं वाचून मान खाली गेली. मी मूर्खासारखं लिहून गेले. माफी असावी.

पण डबे परत पाठवते आहे.

माझा नंबर एकशे त्रेचाळीस आणि गेटवरची यादी परवापर्यंत पंचविसावर आलेली. आमच्यातली एक मुलगी कॉलेजला जाताना बघून येते. मग हे तीन डबे कुणाच्या तरी पुढे काढून मला दिलेले आहेत, हे उघड आहे. ज्या गोष्टीसाठी मी तुमच्या गेटवर जळफळले तीच मी करू? अकादमीची गाडी मोठी होती आणि माझी पिशवी लहान आहे, एवढाच काय तो फरक उरेल.

पार्सल बांधलं तेव्हा भामा समोर होती. तिने स्वतः सुतळी धरली. तुमच्या मनाचा चांगुलपणा कळतो. त्याबद्दल मनापासून आभार. पण मला हे नको.

तारामती बोधनकर


कुकटपल्ली
१९ जुलै २०२५

तारामतीबाई,

दहा दिवस लिहायचं टाळलं, कारण रागात लिहिलं असतं.

ते डबे कुणाच्याही पुढचे नव्हते. आमच्याकडे रीत आहे. नवा डाय बसला की त्यातून भरलेले पहिले तीन डबे विकायचे नाहीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी ते देवीपुढे ठेवायचे आणि मग वर्षानुवर्षं तिच्या फळीवरच राहू द्यायचे. एकतीस वर्षांत त्या फळीवरून डबा खाली आला नव्हता. मी उतरवला. त्याआधी निवडीच्या बायकांना विचारलं, कारण फळी त्यांचीही आहे. बावीस वर्षं एकेक छर्रा निवडणारी आमची रेणू म्हणाली, "देवी कू क्या काम जी छर्रों का? बच्ची कू देदो." हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटला. देवापुढचं काढून दिलं म्हटलं की तुम्ही घेणार नाही, असं वाटलं. न सांगून मी तेच ओढवून घेतलं.

पुढचं ऐका. तुमचं पार्सल परत आलं त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. गोडाऊनवाल्यांनी उघडलं, सीलबंद माल दिसला, आणि यादीतल्या पुढच्या तीन नंबरांना एकेक डबा रवाना केला. तुमच्याच नियमाने. कुणाला काही म्हणायची सोय नाही.

आता फळीही रिकामी आहे आणि भामाचे हातही.

एकनाथ


विद्यानगर
२२ जुलै २०२५

एकनाथराव,

पत्र वाचून भामाला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. चूक माझी हेही सांगितलं. एवढी वर्षं मुलींना खाली मान घालायला लावली, आता माझी पाळी होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही घेतले असते तर मला तुमचंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं." हे बोलून ती स्टँडवर जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या रायफलीने तासभर नेम धरत होती. मला तिथे बसवेना. मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

तुम्ही देवीपुढचं काढून दिलंत आणि मी ते सुतळी बांधून परत केलं. मला तुमच्या मागे रांग दिसली, माणूस दिसला नाही. विचारायची एक ओळ लिहिली असती तर? पण माझा ताठा मला अशा वेळी आधी आठवतो, प्रश्न मागाहून.

आता एक मागते. ते तीन डबे ज्यांना गेले त्यांचे पत्ते द्याल का? त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. मी स्वतः लिहीन. पाच महिने तक्रारी लिहिल्या, आता जरा हात जोडून लिहून बघते.

डोळ्यांचं ऑपरेशन का करत नाही तुम्ही? मोतीबिंदूचं आता सकाळी जाऊन दुपारी घरी येण्याइतकं सोपं झालंय. भीती वाटते का? खरं सांगा.

तारामती


कुकटपल्ली
२५ जुलै २०२५

तारामतीबाई,

सारंगने तिघांनाही फोन केले. तिघांनी पत्ते द्यायला हो म्हटलं. कामारेड्डीचा गौतम, कॉलेजात शिकतो. वरंगलची प्रणिता, नर्स आहे. आदिलाबादचे सुधीर, त्यांची स्पर्धाही तेवीस तारखेलाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पत्ते मागच्या बाजूला सारंगच्या अक्षरात आहेत, म्हणून ते तुम्हाला ओरडल्यासारखे वाटणार नाहीत.

भीती वाटते. हातातलं काम डोळ्यांवर चाललेलं. जे अर्धंमुर्धं दिसतं तेही गेलं तर?

एकनाथ


विद्यानगर
१४ ऑगस्ट २०२५

एकनाथराव,

उत्तरं आली.

गौतमने डबा फोडला होता. साधारण तिसरा हिस्सा झाडून झाला होता. उरलेला डबा झाकणाला चिकटपट्टी लावून पाठवलाय, आत चिठ्ठी, 'मॅडम, माझी रायफल काहीही खाते. तुमच्या मुलीला घ्या.' प्रणिताला मी तेलुगूत लिहिलं होतं, शाळेत शिकलेलं सगळं तेलुगू त्या एका पत्रात खर्ची पडलं. तिने सीलबंद डबा पाठवला आणि वर हळदीकुंकवाची पुडी ठेवली. मी तिला ओळखत नाही, ती मला ओळखत नाही.

सुधीर यांनी नाही म्हटलं. स्वच्छ लिहिलंय, 'माझ्याही रायफलीला हाच लॉट चालतो, आणि माझंही हे वर्ष आहे. क्षमा करा.' मी त्यांना उलट टपाली आभाराचं पत्र धाडलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिला नसता, आणि इतकं सभ्यपणे तर मुळीच लिहिलं नसतं.

दीड डब्यापेक्षा जास्त झालं! भामा आता नऊ दिवस सतरावर सराव करेल. आज तिने पाच छर्रे झाडले आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

तुमच्या भीतीबद्दल. तुमच्या देवीच्या फळीला हात लावायची हिंमत तुम्ही एका अनोळखी मुलीसाठी केलीत. डोळ्याच्या डॉक्टरला तेवढी हिंमत लागत नाही. भामाने सहाशे बारा केले तर तुम्ही ऑपरेशन करायचं, आणि मी उंबरठ्याची शपथ मोडून खंडेनवमीला तुमच्याकडे यायचं. कबूल?

तारामती


विद्यानगर
२५ ऑगस्ट २०२५

एकनाथराव,

सहाशे तेरा पूर्णांक दोन.

आधी आकडा लिहिला, आता बसून सगळं सांगते. पन्नास गोळ्यांपर्यंत छान चाललं होतं. एक्कावन्नावी आठवर गेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भामाने रायफल खाली ठेवली होती, पाणी पीत होती, घाई नव्हती. नामदेवराव माझ्या शेजारी बसलेले. ते मला हळूच विचारत होते, "मॅडम, इतना क्यू रुकी वो? कुछ गडबड हुई क्या?" मी म्हटलं, ती विचार करते आहे, करू द्या. उरलेल्या नऊ तिने अशा झाडल्या की मागे बसलेली माणसं मोजायला लागली.

नामदेवरावांना आकडा कळला नाही. मी समजावलं तर आधी त्यांनी पागोट्यासारखा बांधलेला गमछा सोडला, तोंड पुसलं, मग म्हणाले, "बहन के दुकान पे क्या बोलना अब?" म्हटलं, सांगा, दुसरी मुलगी शोधा म्हणून.

आणखी एक. सुधीर यांची पाळी सकाळी झाली होती. ते आम्हाला शोधत आले. त्यांचे गुण कमी पडले होते. डब्यात उरलेले छर्रे त्यांनी भामाच्या हातात दिले आणि म्हणाले, "माझे झाले. राहू दे तुझ्याकडे." एवढी मोठी बडबडी बाई, नुसते हात जोडून उभी राहिले.

मी तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. तुमचे, रेणूचे, सारंगचे, त्या तिघांचे. एका मुलीच्या साठ गोळ्यांमागे इतके हात असतात, हे चौतीस वर्षं शिट्टी फुंकताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुधीर यांचे उरलेले, गौतमचे उरलेले आणि आमचे, सगळे एका डब्यात भरून ठेवलेत. तो डबा फळीवर परत यायला हवा. आता डॉक्टरकडे जा.

तारामती


कुकटपल्ली
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय तारामतीबाई,

अक्षर बघा. एका ओळीत किती शब्द मावलेत! उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बारा सप्टेंबरला झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. दुपारी घरी आलो, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

भामाचा हॉस्टेलचा प्रवेश नेमका खंडेनवमीलाच आला, म्हणून तुम्ही तिला सोडायला गेलात, हे योग्यच केलंत. उंबरठा कुठे पळून जात नाही. पण नामदेवराव डबा घेऊन आले होते. गेटवरच्या आमच्या माणसाने त्यांना खुर्ची दिली. सारंगने त्याला बजावून ठेवलंय. बासरीही बंद केली. आता तक्रार आली की जे पत्र जातं ते मी लिहून दिलेलं आहे: माल नाही, तुमचा नंबर हा, पुढे इतकी माणसं, कारण हे, चूक आमची. उलट शिव्या येतात अजून, पण खाली काहीजण आभार लिहायला लागलेत. सारंग म्हणतो, "काका, पहली बार कोई थँक्यू बोलरे."

दुपारी पूजा झाली. लेथ, हातोड्या, तडा गेलेला सतरा नंबरचा डाय, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली. बायका बतुकम्माच्या सणाला घेतलेल्या नव्या साड्यांत आल्या होत्या. नामदेवरावांनी डबा फळीवर ठेवला, आणि मग खिशातून एक कागदी टारगेट काढलं. भामाने पाठवलं होतं. सरावातलं. मध्यभागी एकच भोक, करंगळीच्या नखाएवढं. मागे तिने लिहिलं होतं, 'पाच छर्रे.'

तारामतीबाई, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमच्यातल्या कुणीही हे कधी पाहिलं नव्हतं. रेणू बावीस वर्षं तांदूळ निवडावेत तसे छर्रे निवडते. वाकडा बाजूला, सरळ डब्यात. पुढे त्याचं काय होतं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मलाही नाही. मी एकतीस वर्षं नुसतं भोक कसं असावं हे आकड्यांत वाचत आलो. टारगेट हातोहात फिरलं. रेणूने नामदेवरावांना विचारलं, "पाचों इसीच में से गए?" ते म्हणाले, "हौ, पाचों." तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

मग तिने कागद वर धरला, एक डोळा मिटला आणि त्या भोकातून माझ्याकडे बघितलं. मीही समोरून माझा नवा डोळा भोकाला लावला. पलीकडे रेणूचा डोळा दिसला, काजळाची रेघ, आणि तो भरून आलेला. इतकं स्वच्छ मला कितीतरी वर्षांत दिसलं नव्हतं.

टारगेट फळीवर ठेवलंय. सोमवारी लेथवर बसतो. अठरा नंबर सुरू करणार आहे.

तुमचा,
एकनाथ